पहिल्या फटक्याचा हिशेब : नाइन-बॉलकडून टेन-बॉलकडे

१९९६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात व्यावसायिक पूल खेळाडूंची एक नवी स्पर्धामालिका सुरू झाली. सी. जे. वायली या खेळाडूच्या पुढाकाराने भरलेल्या पहिल्याच स्पर्धेत आयोजकांनी एक विलक्षण बक्षीस जाहीर केले होते. नाइन-बॉलचे सलग दहा डाव जो स्वतः फोडील आणि प्रतिस्पर्ध्याला एकही संधी न देता स्वतःच संपवील, त्याला दहा लाख डॉलर. एवढी रक्कम कोणी खिशात घेऊन फिरत नाही. त्यासाठी विमा उतरवला होता. हे बक्षीस कोणाला मिळेल असे फारसे कुणाला वाटत नव्हते. अर्ल स्ट्रिकलंड या खेळाडूने सलग अकरा डाव काढले.

त्यानंतर विमा कंपनीशी वाद झाला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. परंतु इतिहासाच्या दृष्टीने खरा प्रश्न पैशांचा नाही. सलग दहा डाव काढणे किती दुर्मीळ आहे, हे विम्याचा हप्ता ठरवणाऱ्याला कसे कळावे?

या प्रश्नाचे गणित सोपे आणि भयंकर आहे. समजा, एखादा खेळाडू चार डावांपैकी एक डाव फोडून सलग संपवतो. मग सलग दहा डावांची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक. तीनपैकी एक डाव संपवत असेल, तर ५९,०४९ मध्ये एक. पाचपैकी दोन संपवत असेल, तर सुमारे साडेनऊ हजारांत एक. पहिल्या आणि शेवटच्या अंदाजात शंभराहून अधिक पटींचा फरक पडला, आणि तो पडला एका आकड्यातील किरकोळ वाटणाऱ्या बदलामुळे. तो आकडा म्हणजे ‘ब्रेक अँड रन’चे प्रमाण. कॅरम खेळणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. आपल्याच ब्रेकवर सर्व पांढऱ्या सोंगट्या आणि राणी घेऊन बोर्ड संपवला की त्याला ‘व्हाइट स्लॅम’ म्हणतात. फरक इतकाच, की अमेरिकेत या स्लॅमवर विमा उतरवला गेला.

‘ब्रेक’ या शब्दाबाबत एक खुलासा इथेच केलेला बरा. भारतीय वाचकाला हा शब्द बिलियर्ड्समधून परिचित आहे आणि तिथे त्याचा अर्थ निराळा आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ साली बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. मुंबईच्या मायकल फरेरा यांनी १९७८ साली राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक केला. तो ब्रेक म्हणजे एका खेपेत सलग मिळवलेले गुण. पूलमधला ब्रेक म्हणजे डावाचा पहिला फटका : त्रिकोणात किंवा चौकटीत घट्ट रचलेल्या चेंडूंवर पांढरा चेंडू आदळवून त्यांना टेबलभर विखुरणे. एकाच शब्दाने एका खेळात कर्तृत्व मोजले जाते, तर दुसऱ्यात आरंभ.

या आरंभाचे मोल नेहमीच एवढे नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील प्रतिष्ठेचा खेळ होता ‘स्ट्रेट पूल’. पंधरा चेंडू, प्रत्येक फटक्याआधी चेंडू आणि खिसा जाहीर करायचा, प्रत्येक चेंडूला एक गुण. विली मोस्कोनी याने १९५४ साली ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे सलग ५२६ चेंडू घेतले, ते याच खेळात. या खेळात पहिला फटका कोणालाही नको असे. रास फोडली आणि चेंडू खिशात गेला नाही, तर पुढचे ताट प्रतिस्पर्ध्यासाठी वाढलेले. म्हणून नाणेफेकीसारखा आरंभीचा निर्णय आपल्या बाजूने लागला की खेळाडू ब्रेक समोरच्याच्या गळ्यात घालत, आणि तो बिचारा दोन-तीन चेंडू जेमतेम हलवून पांढरा चेंडू दूर नेऊन लपवी. तिथे ब्रेक ही एक जबाबदारी होती, तीही नकोशी.

नाइन-बॉलने हे चित्र पालटले. जुगाऱ्यांच्या टेबलांवर वाढलेला हा वेगवान खेळ दूरचित्रवाणीला मानवला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यावसायिक पूलचे केंद्र बनला. नऊ चेंडू, क्रमाने सर्वांत लहान अंकाला आधी स्पर्श करायचा, नऊ क्रमांकाचा चेंडू जो घेईल त्याचा डाव. ब्रेकवरच नऊ क्रमांक खिशात गेला, तर डाव तिथेच संपला. चूक झाली की प्रतिस्पर्ध्याने पांढरा चेंडू हातात घेऊन हवा तिथे ठेवावा, हा नियम रुळल्यावर आक्रमणाला आणखी धार आली. आता ब्रेकवर एक चेंडू पडला आणि पांढरा टेबलाच्या मध्यभागी थांबला, तर कसलेला खेळाडू उरलेले आठ चेंडू साफ करून टाकी. पुढचा ब्रेकही विजेत्याचाच. खुर्चीत बसलेल्या माणसाला क्यूला खडू लावण्यापलीकडे काम उरत नसे.

या काळात मोजदादीची सवय लावण्याचे श्रेय पॅट फ्लेमिंग यांना द्यावे लागते. स्वतः व्यावसायिक खेळाडू असलेल्या फ्लेमिंग यांनी १९८० च्या दशकात ‘अक्यू-स्टॅट्स’ या नावाने सामन्यांची चित्रफीत आणि आकडेवारी ठेवण्यास सुरुवात केली. त्यांची पद्धत साधी होती : खेळाडूने घेतलेले चेंडू भागिले घेतलेले चेंडू अधिक चुका. ९० चेंडू आणि १० चुका असतील तर ०.९००, हा आकडा गाठणारा खेळ जागतिक दर्जाचा समजला जाई. क्रिकेटच्या धावफलकासारखी दीर्घ परंपरा ज्या खेळाला नव्हती, त्याला प्रथमच एक सामाईक मोजपट्टी मिळाली.

ब्रेकची मोजणी मात्र एका आकड्यात मावत नाही. पुढे सामने पाहून नोंदी ठेवणाऱ्यांनी तीन प्रश्न वेगळे केले. ब्रेकवर एखादा तरी चेंडू पडला का, आणि पांढरा बाहेर राहिला का? फोडणाऱ्याने तो डाव अखेरीस जिंकला का? आणि त्याने तो एकाच खेपेत संपवला का? तिन्ही प्रश्न एकच वाटतात, पण त्यांची उत्तरे स्वतंत्रपणे हलतात. चेंडू पडूनही पुढचा चेंडू इतरांच्या आड लपलेला असू शकतो; काही पडले नाही तरी समोरच्यालाही वाट सापडत नाही आणि डाव फिरून फोडणाऱ्याकडे येतो. प्रचंड ताकदीने फोडणारा पहिल्या प्रश्नात चमकतो आणि तिसऱ्यात मागे पडतो, कारण त्याचा पांढरा चेंडू कुठे थांबेल हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

आणि मग २००१ साल उजाडले.

त्या वर्षीच्या यू. एस. ओपन नाइन-बॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेचा कोरी डुएल आणि फिनलंडचा मिका इमोनेन समोरासमोर आले. इमोनेन त्याच वर्षी कार्डिफमध्ये नाइन-बॉलचा विश्वविजेता झालेला होता. निकाल लागला ११–०, डुएलच्या बाजूने. त्या स्पर्धेत डुएलने ब्रेक जोराने मारलाच नाही, ही खरी खळबळजनक गोष्ट होती. तोवर ब्रेक म्हणजे ताकद, असेच समीकरण होते; व्यावसायिक खेळाडूचा ब्रेक ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास जातो. डुएलने हळू, मोजून मारले, आणि चेंडू पडत राहिले.

यामागे जादू नव्हती, भूमिती होती. नाइन-बॉलची रास समभुज चौकोनात असते : एक, दोन, तीन, दोन, एक अशा ओळी. सर्व चेंडू एकमेकांना खरोखर चिकटलेले असतील तर त्यांच्यात सोळा स्पर्शबिंदू असतात. चिकटलेल्या चेंडूंना मिळणारा धक्का स्पर्शाच्या रेषेत जातो, म्हणून प्रत्येक चेंडूची सुरुवातीची वाट बऱ्याच अंशी रचनेनेच ठरते. मधल्या ओळीच्या दोन टोकांना जे चेंडू असतात, त्यांची वाट नेमकी कोपऱ्याच्या खिशांकडे जाते. रास घट्ट असेल तर ताकद लागत नाही; उलट ताकद कमी असली की बाकीचे चेंडू फार विखुरत नाहीत, पुढची मांडणी ओळखीची राहते आणि पांढराही आटोक्यात राहतो. ज्या फटक्याला सगळे नशिबाचा खेळ मानत होते, तो पाठांतराचा विषय होता हे डुएलने दाखवून दिले. त्याने नियम मोडला नाही. खेळाच्या गाभ्यातली एक फट तेवढी सर्वांना दिसली.

पुढली काही वर्षे ही फट बुजवण्यात गेली, आणि प्रत्येक उपाय नवी फट घेऊन आला. काही स्पर्धांनी अट घातली की ब्रेकवर किमान तीन चेंडू पडावेत किंवा टेबलाच्या वरच्या रेषेपलीकडे यावेत, म्हणजे हळू मारणे परवडणार नाही. काहींनी पांढरा चेंडू कडेला नेऊन मारण्यास मनाई केली आणि ब्रेकसाठी मधली मर्यादित चौकट आखून दिली. काहींनी रासच पुढे सरकवली : टेबलावरच्या खुणेवर एकऐवजी नऊ क्रमांकाचा चेंडू बसवायचा, म्हणजे कडेच्या चेंडूंची खिशाकडे जाणारी वाट चुकते. दरम्यान लाकडी चौकटीच्या जागी पातळ प्लॅस्टिकचा, छिद्रे पाडलेला पत्रा आला. त्यामुळे रास कशी लावली यावरून होणारी भांडणे कमी झाली. पण प्रत्येक रास सारखीच घट्ट बसू लागल्याने ब्रेक अधिकच पाठ करण्याजोगा झाला. न्यायासाठी आणलेल्या साधनाने कौशल्याची एक बाजू पुसट केली, हे त्या काळातील मोठे विनोदी सत्य म्हणावे लागेल.

टेन-बॉलकडे व्यावसायिक जग वळले ते या पार्श्वभूमीवर. खेळ नवा नव्हता; पण त्याला जागतिक स्पर्धेचा मान २००८ साली मिळाला. फिलिपिन्समधील मनिला परिसरात भरलेल्या पहिल्या जागतिक टेन-बॉल स्पर्धेत इंग्लंडच्या डॅरेन ॲपलटनने तैवानच्या वू चिया-चिंगला १३–११ असे हरवले. हा वू म्हणजे सोळाव्या वर्षी, २००५ साली, नाइन-बॉल आणि एट-बॉल अशी दोन्ही विश्वविजेतेपदे पटकावणारा मुलगा. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : २००८ आणि २००९ या दोन्ही वर्षी जागतिक नाइन-बॉल स्पर्धा झालीच नाही. काही काळ टेन-बॉल हाच व्यावसायिक पूलचा मुख्य चेहरा होता.

एका चेंडूने एवढा काय फरक पडतो? रचना बदलते. दहा चेंडूंचा त्रिकोण होतो : एक, दोन, तीन, चार. स्पर्शबिंदू सोळाचे अठरा होतात. एक क्रमांक टोकाला, दहा मधोमध, दोन आणि तीन क्रमांक मागच्या दोन कोपऱ्यांत. नाइन-बॉलमधील कडेच्या चेंडूंची ती हमखास वाट इथे तशी उरत नाही. नियमही कडक. ब्रेकवर दहा क्रमांक खिशात गेला तर डाव जिंकत नाही. चेंडू उचलून पुन्हा खुणेवर ठेवतात. ब्रेकनंतर प्रत्येक फटक्याला चेंडू आणि खिसा जाहीर करावा लागतो, त्यामुळे भलत्याच खिशात गेलेल्या चेंडूवर खेळी पुढे चालत नाही. नशिबाची दारे एकेक करून लावून घेतलेला नाइन-बॉल, असे टेन-बॉलचे वर्णन करता येईल. २००९ चा टेन-बॉल विश्वविजेता होता मिका इमोनेन, आठ वर्षांपूर्वी ११–० ने हरलेला.

टेन-बॉलमध्ये ब्रेकचा फायदा खरोखर किती, हे आकड्यांवरून ठरवताना मात्र भलेभले घसरतात. पहिली घसरण लहान नमुन्याची. अकरा डावांच्या शर्यतीत जास्तीत जास्त एकवीस डाव होतात, म्हणजे एका खेळाडूच्या वाट्याला दहा-अकरा ब्रेक. दोन सामने मिळून वीस ब्रेक धरले आणि त्यांतले दहा यशस्वी ठरले, तर त्या खेळाडूचे खरे प्रमाण २८ ते ७२ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. चारशे ब्रेक नोंदवल्यावर हा पट्टा ४५ ते ५५ टक्क्यांवर येतो. एका आठवड्याच्या स्पर्धेवरून ‘अमुक खेळाडूचा ब्रेक बिघडला’ म्हणणारे समालोचक हा पट्टा विसरलेले असतात.

दुसरी घसरण अधिक फसवी आहे. जिथे डाव जिंकणाराच पुढचा डाव फोडतो, तिथल्या नोंदींत फोडणाऱ्याच्या विजयाचे प्रमाण आपोआप फुगते. समजा, एक खेळाडू सरस आहे आणि कोणीही फोडले तरी तो ६० टक्के डाव जिंकतो. म्हणजे ब्रेकचा फायदा शून्य. पण विजेता फोडणार असल्याने ६० टक्के ब्रेक त्याच्याच हाती येतात. सगळे डाव एकत्र मोजले की फोडणारा ५२ टक्के वेळा जिंकलेला दिसतो. हे वरचे दोन टक्के ब्रेकचे नाहीत, माणसाचे आहेत. आलटून पालटून ब्रेक असेल तर हीच बेरीज बरोबर ५० टक्क्यांवर येते. म्हणून दोन स्पर्धांच्या टक्केवाऱ्या शेजारी मांडण्याआधी तिथे ब्रेक कोणाला मिळत होता, हे आधी विचारले पाहिजे.

मग आलटून पालटून ब्रेक देणे अधिक न्याय्य का? बहुतेक प्रेक्षक आणि कित्येक खेळाडू होय म्हणतील. गणिताचे उत्तर अनपेक्षित आहे. १९७६–७७ च्या सुमारास किंग्स्टन आणि अँडरसन यांनी टेनिसच्या सर्व्हिससारख्या प्रश्नावर काम करताना दाखवले, की सामना जिंकण्याची शक्यता दोन्ही पद्धतींत सारखीच असते. युक्तिवाद कागद-पेन्सिलीविना समजण्याजोगा आहे. अकरा डावांची शर्यत घ्या आणि कल्पना करा, की पूर्ण एकवीस डाव खेळायचे आहेत. पहिला खेळाडू अकरा फोडणार, दुसरा दहा. ज्याचे अकरा डाव होतील तो जिंकला. विजेता फोडतो त्या पद्धतीत पहिल्या खेळाडूला एक ब्रेक सुरुवातीचा आणि मग प्रत्येक विजयामागे एक. पण अकराव्या विजयाला सामनाच संपतो, म्हणून अकराहून अधिक ब्रेक त्याला मिळूच शकत नाहीत. दुसऱ्याला केवळ विजयामागे मिळतात, म्हणून दहाहून अधिक नाहीत. सामना लवकर संपला तर उरलेले ब्रेक मनातल्या मनात खेळून कोटा पूर्ण करता येतो. निकाल त्याने बदलत नाही. दोन्ही पद्धती त्याच एकवीस डावांचा कौल घेतात, क्रम तेवढा वेगळा.

यात एक गृहीतक आहे : प्रत्येक डावाची शक्यता केवळ ब्रेक कोणाचा यावर ठरते, मनःस्थितीवर नाही. अर्धा तास खुर्चीत बसून हात गार पडलेल्या खेळाडूला हे गृहीतक पटणार नाही, आणि त्याचे म्हणणे टाकाऊही नाही. शिवाय जिंकण्याची शक्यता सारखी असली तरी सामन्याचे रूप सारखे राहत नाही. समजा, बरोबरीचे दोन खेळाडू आहेत आणि फोडणारा ६० टक्के डाव जिंकतो. विजेता फोडत असेल, तर पहिला ब्रेक मिळालेला खेळाडू २७६ सामन्यांत एकदा ११–० ने जिंकेल. आलटून पालटून असेल तर २,०९३ सामन्यांत एकदा. सुमारे साडेसात पटींचा फरक. स्ट्रिकलंडचे डॅलसमधील अकरा सलग डाव आलटून पालटून ब्रेकच्या पद्धतीत मुळात शक्यच नव्हते. आयोजक ब्रेकची पद्धत निवडतात तेव्हा बहुधा न्यायापेक्षा नाट्याचीच निवड करत असतात.

अमेरिकेतील फार्गो येथील प्राध्यापक माइक पेज यांच्याशी निगडित ‘फार्गोरेट’ या मानांकनाने तर या साऱ्या वादाला वळसाच घातला. त्यात दोन खेळाडूंमध्ये शंभर गुणांचे अंतर म्हणजे डावांचे प्रमाण दोनास एक. कोणी किती डाव जिंकले आणि कोणाविरुद्ध, एवढेच तिथे नोंदवले जाते. डाव कोणी फोडला, कुठला चेंडू पडला, पांढरा कुठे थांबला, यांतले काहीही त्या हिशेबात येत नाही. ब्रेकची नोंद करणारे मात्र अजूनही सामन्यांच्या चित्रफिती थांबवून थांबवून पाहतात, आणि प्रत्येक डावापुढे त्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहितात.